अंगठा कुणाचा, आकाश कुणाचं?

कांदा काढणीचे दिवस. रेशन दुकानातल्या मशीनवर एक आजी अंगठा टेकवते. मशीन ओळख देत नाही. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा टेकवते. पुन्हा तेच. "आजी, दुसरं बोट द्या," दुकानदार म्हणतो. मातीत आणि विळ्यावर आयुष्य गेलेल्या बोटांवर रेषा पुसट झालेल्या असतात. पुणे जिल्ह्यात, संत कान्होराज पाठकांच्या केंदूरपासून पाबळपर्यंत कुठंही विचारा, हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. 'अंगठेबहाद्दर' म्हटलं की पूर्वी माणूस खाली मान घालायचा. आता डॉक्टर असो की मजूर, अंगठा सगळ्यांनाच द्यावा लागतो.

या अंगठ्याची गोष्ट सुरू होते बंगालमध्ये. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्याच्या सामानाचा करार केला आणि ठेकेदार राज्यधर कोनाई याच्या अख्ख्या पंजाचा ठसा त्यावर घेतला. ठेकेदारानं पुढं सही नाकारू नये, एवढाच हेतू. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं सरकारी कार्यालय उघडलं. ठशांची वर्गवारी लावण्याचं किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केलं, पण जगभर पद्धत गाजली ती त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांच्या नावानं. जगाला बोटांवरून माणूस ओळखायला शिकवणाऱ्या या दोघांची नावं आपल्या शाळेतल्या पोरांना तोंडपाठ असायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

पोलिसांनी जबरदस्तीनं ठसे घेतले, तर ती स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष ठरते का? हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला तो 'मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड' या खटल्यातून. १९६१ साली अकरा न्यायमूर्ती बसले आणि म्हणाले, नाही ठरत. पण २०१० मध्ये नार्को चाचणीचा प्रश्न आला, तेव्हा कोर्टानं सांगितलं की माणसाच्या मर्जीशिवाय ती करता येणार नाही.

त्याच २०१० सालच्या २९ सप्टेंबरला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. गंमत पुढं आहे. आधारचा कायदा आला २०१६ मध्ये! म्हणजे कोट्यवधी लोकांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं टिपून झाली आणि मग सहा वर्षांनी संसदेनं त्याचा कायदा केला. आधी खळं भरायचं आणि मग शेताची हद्द ठरवायची, असा हा क्रम झाला. त्याच्या आधीच, २०१२ मध्ये, कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी वयाच्या ८६ व्या वर्षी आधारविरुद्ध कोर्टाची पायरी चढले होते.

आणि इथं गोष्ट थेट आपल्या शिवाराजवळ येते. केंदूरहून निघालं की पाबळच्या पलीकडं खेड तालुक्यात यमाईचं कनेरसर लागतं. हे चंद्रचूड घराण्याचं मूळ गाव. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं निकाल दिला की सरकारनं एखाद्याला उचलून तुरुंगात टाकलं, तर आणीबाणी असेपर्यंत त्याला कोर्टात दाद मागता येणार नाही. त्या चौघांत यशवंत चंद्रचूड होते. विरोधात एकटे हंसराज खन्ना. पुढं खन्नांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं. यशवंतराव मात्र १९७८ पासून सात वर्षांहून जास्त काळ सरन्यायाधीश राहिले.

एकेचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, पुट्टस्वामींच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मुख्य निकालपत्र लिहिलं धनंजय चंद्रचूड यांनी. त्यात त्यांनी १९७६ चा तो निकाल, म्हणजे वडिलांचाच निकाल, गंभीर चुकीचा ठरवून रद्द केला. भर कोर्टात, कायमच्या नोंदीत, वडिलांचं चुकलं असं लिहायला केवढी छाती लागत असेल! पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, आधारचा निकाल आला. आधार टिकलं. बँक खात्याला आणि सिमकार्डाला त्याची सक्ती मात्र गेली. तोही निकाल चार विरुद्ध एकचा, आणि या वेळी एकटे पडले ते धनंजय चंद्रचूड.

फोनचंही असंच. देशातली तार सेवा २०१३ च्या जुलैत बंद पडली, पण मोबाइल टॅप करण्याचे हुकूम त्यानंतरही १८८५ च्या तार कायद्याखालीच निघत राहिले. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टानं असे तीन हुकूम रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. आधार कशाचा घेतला? खासगीपणाच्या त्याच निकालाचा. पालघरचं प्रकरण तर आठवत असेलच. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवर चार ओळी लिहिणारी एक मुलगी आणि त्या फक्त 'लाइक' करणारी दुसरी, दोघींना अटक झाली. त्या अटकेत लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ कलम २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं मोडीत काढलं.

आता ड्रोन. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, त्यामुळं मालकीचा कागद दाखवायची पंचाईत. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना आली. ड्रोन उडण्याआधी प्रत्येक घराभोवती चुन्याची पांढरी रेघ ओढतात. त्या रेघेपाशी मालक उभा, शेजारी उभा, आणि "इथून नाही, तिथून" असा वाद तिथंच मिटतो किंवा पेटतो. पटलं नाही, तर चौकशीत हरकत घेता येते. मग घराची सनद हातात पडते. कर्जासाठी बँकेत ठेवता येईल असा कागद.

तोच ड्रोन २०२४ च्या पावसाळ्यात शिरूर-दौंडच्या आकाशात रात्री घिरट्या घालू लागला, तेव्हा गावकरी काठ्या घेऊन पहाऱ्याला बसले. ड्रोनला गाडीच्या नंबरसारखा नोंदणी क्रमांक लागतो, पण अंधारात खालून दिसतो फक्त लुकलुकता दिवा. पहाऱ्यावरची माणसं वर बघून एकमेकांना एकच विचारत होती: "कुणाचं हाय रं हे?"