बहुरासायनिक संवेदनशीलता : दिल्लीत खिडकी उघडावी की मिटावी?

नवी दिल्ली : दिवाळीपूर्वीचे दिवस राजधानी परिसरात रंगकामाचे असतात. भिंतींवर डिस्टेंपर चढतो, खिडक्यांच्या गजांना ऑइल पेंट लागतो, जुन्या कपाटांना पॉलिश होते. बहुतेकांना या वासाने सणाची चाहूल लागते. काही मोजक्या लोकांना मात्र शेजारच्या सदनिकेत थिनरचा डबा उघडताच डोके जड होणे, घशात खवखव, छातीत दडपण, मळमळ आणि विचारांचा गोंधळ असा त्रास सुरू होतो व तासन्‌तास टिकतो. पुढे फिनेल, अगरबत्ती, लिफ्टमध्ये दरवळणारे अत्तर, कपड्यांना लागलेला साबणाचा वास अशा परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टीही सोसेनाशा होतात. या अवस्थेला बहुरासायनिक संवेदनशीलता म्हणतात.

शिकागोतील ॲलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ यांनी १९५०च्या दशकात अशा रुग्णांकडे लक्ष वेधले. आज प्रचलित असलेले नाव आणि व्याख्या येल विद्यापीठातील मार्क कलेन यांनी १९८७ मध्ये दिली. लक्षणे पुन्हा पुन्हा उद्भवणे, इतरांना न जाणवणाऱ्या अल्प मात्रेनेही त्रास होणे, पदार्थ दूर केल्यावर आराम पडणे आणि शरीराच्या एकाहून अधिक संस्थांवर परिणाम दिसणे, हे निकष १९९९ मध्ये काही तज्ज्ञांनी एकमताने मांडले. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत १२.८ टक्के प्रौढांनी, डॉक्टरांनी आपल्याला हे निदान सांगितले असल्याचे नमूद केले. भारतात मात्र हे नाव दवाखान्यातही क्वचितच कानी पडते.

ही रूढ अर्थाने ॲलर्जी नाही. ॲलर्जीच्या रक्तचाचण्या व त्वचाचाचण्या बहुधा स्वच्छ येतात आणि तेथूनच रुग्णाच्या दुसऱ्या दुःखाला प्रारंभ होतो. अहवालात काही नाही, म्हणजे मनाचे खेळ, असा निष्कर्ष घरात आणि कचेरीत काढला जातो. शास्त्राची भूमिका याहून सावध आहे. रसायन कोणते हे रुग्णाला कळू न देता केलेल्या ३७ प्रयोगांचा आढावा २००६ मध्ये घेण्यात आला. खरे रसायन आणि निर्धोक हवा यांतील फरक वास झाकल्यावर रुग्णांना खात्रीने ओळखता आला नाही, असे त्यातून दिसले. त्यामुळे अल्प मात्रेतील विषबाधेपेक्षा गंध, मज्जासंस्था आणि मेंदूची धोक्याची सूचना यांच्या अतिसंवेदनशील बनलेल्या साखळीकडे अनेक संशोधक बोट दाखवतात. क्लॉडिया मिलर यांच्यासारखे संशोधक मात्र एखाद्या मोठ्या रासायनिक संपर्कानंतर सहनशक्तीच ढासळते, असे मानतात. वाद कारणाचा आहे. डोके दुखते हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. जपानने २००९ मध्ये या विकाराला विम्याच्या रोगनामांच्या यादीत स्थान दिले, तेही कारणमीमांसा पूर्ण होण्याची वाट न पाहता.

अन्यत्र अशा रुग्णाला दिला जाणारा पहिला सल्ला साधा असतो : खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम वा गाझियाबादमध्ये हिवाळ्यात हाच सल्ला कोड्यात टाकतो. बाहेर सूक्ष्म धूलिकण पीएम २.५ यांचे प्रमाण देशाच्या २४ तासांच्या ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या मर्यादेच्या कैक पट चढलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर १५ आहे. खिडकी मिटावी, तर प्लायवूडमधील फॉर्माल्डिहाइड, रंगातील द्रावके आणि स्वयंपाकाचा धूर आत साचतो. हवा गुणवत्ता निर्देशांकही येथे अपुरा पडतो. तो आठ प्रदूषकांवरून काढला जातो आणि रंग, पॉलिश, सुगंधी द्रव्ये यांतून उडणारी सेंद्रिय संयुगे त्यात मोजलीच जात नाहीत. निर्देशांक ‘समाधानकारक’ दाखवत असलेल्या दिवशीही अशा रुग्णाची खोली असह्य असू शकते.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांबाबतचा गैरसमजही याच जातीचा. दिल्लीत घरोघरी पोहोचलेली हेपा गाळणी धूलिकण उत्तम अडवते, पण वायूला ती जवळपास अडसर नाही. एन ९५ मुखपट्टीचेही तेच. वायू शोषण्यासाठी सक्रिय कोळशाचा भरपूर थर लागतो, आणि तो भरला की बदलावा लागतो. ओझोन सोडून ‘ताजेपणा’ देणारी यंत्रे तर टाळावीत. लिंबाच्या वासाच्या फरशी-द्रावातील लिमोनीन ओझोनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइड तयार करते. उन्हाळ्यात दुपारी दिल्लीच्या हवेत ओझोन आधीच वाढलेला असतो.

त्यातल्या त्यात मार्ग वेळेचा आहे. हिवाळ्यात रात्री व पहाटे प्रदूषण जमिनीलगत दबून राहते आणि दुपारी ऊन तापले की हवेचा थर उंचावून ते विरळ होते. दुपारी दोन ते चारच्या सुमारास घर थोडा वेळ उघडणे त्यामुळे तुलनेने सोयीचे. नवे फर्निचर शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर आणू नये, कारण उष्णता आणि दमटपणा वाढला की फलकांतून फॉर्माल्डिहाइड अधिक सुटते. डासांच्या अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी बरी. २००३ मधील एका अभ्यासानुसार डासांची एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण सोडते, त्यामुळे हा बदल घरातील कोणाच्याही फुप्फुसांना हितकारकच. कपाटातील आणि मोरीतील डांबराच्या गोळ्याही काढून टाकाव्यात.

निदान गृहीत धरण्याआधी मात्र दमा, अर्धशिशी आणि कार्बन मोनॉक्साइडची बाधा तपासून घेणे अत्यावश्यक आहे. न्हाणीघरातच चक्कर येत असेल, तर संशय साबणाच्या आधी गॅस गीझरवर घ्यावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. ‘शरीरातील विषे काढून टाकणारे’ महागडे उपचार विकणाऱ्यांपासूनही सावध राहावे. या विकारावर सिद्ध औषध नाही. ज्या गोष्टीने निश्चित त्रास होतो ती टाळावी, पण टाळण्याची यादी रोज वाढू लागली तर माणूस एका खोलीत कोंडला जातो. म्हणूनच निद्रा, चिंता आणि एकाकीपणा यांवरही त्याच वेळी उपचार हवेत. ते सुचवले म्हणजे आजार खोटा ठरवला, असे नव्हे.

सर्वांत कठीण भाग शेजाऱ्यांशी आणि कचेरीशी बोलण्याचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारांची यादी आहे. त्यात हा विकार नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ मध्ये स्वतःच्या इमारतींत सुगंधी उत्पादनांवर निर्बंध घातले, तसे येथे सक्तीने मागता येत नाही. सत्यनारायणाच्या पूजेला धूप लावू नका, असे सांगणेही सोपे नसते. निरांजनावर भागवून कापूर बाहेरच्या गच्चीत लावण्याची तडजोड काही घरांना जमू शकते. सोसायटीकडे मात्र एवढी मागणी वाजवी ठरते : डासांसाठी धुराची फवारणी, वाळवीचे औषध किंवा जिन्याचे रंगकाम करण्यापूर्वी दोन दिवस आधी फलकावर सूचना लावावी आणि कामाची वेळ लिहावी. या सूचनेला खर्च येत नाही, आणि दम्याचा रुग्ण, गरोदर स्त्री व तान्हे मूल असलेल्या घरांनाही तिचा तितकाच उपयोग होतो.