धानाची लोंबी आणि जनुकाची कळ

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा आज पर्यटकांना ठाऊक आहे तो तलावासाठी आणि पक्ष्यांसाठी. परंतु १९१७ साली हा बांध पुरा झाला तो शेतीच्या पाण्यासाठी; आणि गोंदिया जिल्ह्यात शेती म्हणजे प्रथम धान. पूर्व विदर्भातील जुन्या तलावांत देवधान नावाचा रानटी भात आपोआप उगवतो. त्याचा दाणा पिकला की लोंबीवरून गळून पाण्यात पडतो. शेतातला धान मात्र विळ्याची वाट पाहत उभा राहतो. दोघेही एकाच कुळातले; मग हा भेद आला कोठून?

संगणकीय उत्क्रांतिशास्त्र आणि जनुक-नियमन या विषयांतील संशोधकाची जागा निघाली, की ती वाचणाऱ्यास हे कोणते परके शास्त्र असे वाटते. वस्तुतः त्या जागेवरील माणसाचे काम वरील प्रश्नाच्याच जातीचे असते.

२००६ साली जपानी संशोधकांनी एक जपानी भात आणि एक इंडिका गटातील भात यांची तुलना केली. दाणा गळण्यातील फरकाचे एक मोठे कारण त्यांना पहिल्या गुणसूत्रावर सापडले. नवल असे की, तेथील जनुक शाबूत होते. त्यापासून सुमारे १२ हजार अक्षरे दूर, ते कोठे चालू व्हावे हे ठरविणाऱ्या भागात, केवळ एक अक्षर पालटले होते. त्यामुळे दाणा आणि देठ यांच्या सांध्यावर ते जनुक जागेच होत नव्हते, आणि दाणा सुटण्यासाठी लागणारा पेशींचा थर तेथे तयार होत नव्हता. दिवा जसाचा तसा, कळ मात्र एकाच खोलीतली बंद!

भाताच्या जनुकसंचात अशी सुमारे ३९ कोटी अक्षरे आहेत. त्यांतला कोणता पालट अर्थपूर्ण आणि कोणता निव्वळ योगायोगाचा, हे डोळ्यांनी वाचून कळत नाही. त्यासाठी शेकडो वाणांची वंशावळ मांडावी लागते आणि नुसत्या योगायोगाने किती फरक पडले असते याचा हिशेब करावा लागतो. तीन हजारांवर वाणांची अशी अक्षरमाला २०१८ पर्यंत जगापुढे खुली झाली आहे. संगणक केवळ संशयित दाखवितो, साक्ष शेतातच काढावी लागते, हे खरे. पण या कामाचा आरंभ करण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

लागतो तो गणित आणि वनस्पती दोन्ही जाणणारा विद्यार्थी. आपल्याकडे या दोन वाटा बहुधा बारावीच्या आसपासच फुटतात, आणि पुढे एकमेकींस भेटत नाहीत. इकडे शेतातले जुने वाण संकरित बियाण्यापुढे मागे हटत आहेत. शेजारच्या छत्तीसगडात डॉ. रा. ह. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात भाताचे हजारो वाण गोळा करून ठेवले, म्हणून ते आज तपासता तरी येतात. बोदलकसा परिसरातील बांध्यांत कोणते वाण उरले आहेत आणि त्यांत ते एक अक्षर कोणते आहे, हा प्रश्न हाती घेण्यासाठी तिरोड्याच्या पदवीधराला मात्र अजून पुणे किंवा बंगळूर गाठावे लागते.