मस्कतची डीव्हीडी मालवणात का अडते?

समजा, मालवणच्या सागरी अभयारण्यावर (स्थापना १९८७) तुम्ही संशोधन करायचं ठरवलंय. मस्कतला नोकरी करणारा मामा येताना प्रवाळांवरच्या माहितीपटाची डीव्हीडी घेऊन आला. संगणकात घातली तर 'विभाग जुळत नाही' असा संदेश. आता काय?

आधी संदेश नीट वाचा. डिस्क खराब आहे असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. सिनेमा कंपन्यांना प्रत्येक देशात वेगळ्या वेळी, वेगळ्या किमतीला विक्री करायची होती, म्हणून डीव्हीडीसाठी जगाचे सहा विभाग पाडले गेले. अमेरिका १, युरोप, जपान आणि आखाती देश २, भारत ५. म्हणजे मस्कतची डिस्क २ ची आणि तुमचा ड्राइव्ह बहुतेक ५ चा.

संगणकात ही अडवणूक दोन ठिकाणी होऊ शकते: व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणि खुद्द ड्राइव्हमध्ये. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये विभागाची नोंद ड्राइव्हच्याच स्मृतीत असते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ती बदलता येते, पण फक्त पाच वेळा. त्यानंतर शेवटचा विभाग कायमचा. विंडोज पुन्हा टाका, ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडा, मोजणी तीच राहते, कारण ती संगणकात नाहीच.

म्हणून कॉलेजच्या सामायिक संगणकावर सहज म्हणून विभाग बदलू नका. तुमची एक डिस्क चालेल, पण पुढच्या विद्यार्थ्याचा एक बदल कमी होईल. त्यापेक्षा एक साधा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, तो २ वर ठेवा आणि त्यावर तशी चिठ्ठी चिकटवा. ५ वाला ड्राइव्ह तसाच राहू द्या.

आता दुसरं उदाहरण. गावच्या जत्रेतल्या दशावताराचं कुणीतरी घरी बर्न केलेलं चित्रीकरण तुम्हाला मिळालं आणि तेही चालेना. इथे विभागाला दोष देऊ नका. घरी बर्न केलेल्या डिस्कवर सहसा विभागाचं बंधन नसतंच. चरे, दमट हवेने आलेला थर, किंवा बर्न करताना डिस्क फायनलाइज न करणं, ही कारणं तपासा. आधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. लक्षण एकच असलं तरी कारण वेगळं असू शकतं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच ते सापडतं.

कायद्याचं काय? विभाग बदलायची सोय ड्राइव्ह बनवणाऱ्यानेच दिलेली आहे, ती वापरायला हरकत नाही. कुलूप तोडून प्रत काढणं हा वेगळा मुद्दा. प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं. कलम ५२ खाजगी वापर आणि संशोधनासाठी न्याय्य वापराची मुभा देतं. दोन्ही कलमं स्वतः वाचा आणि मार्गदर्शकांशी बोला.

एक सवय मात्र आजपासून लावून घ्या. जी कृती परत फिरवता येत नाही, ती करण्याआधी वहीत लिहा: तारीख, ड्राइव्ह, आधीचा विभाग, नवीन विभाग, उरलेले बदल. प्रयोगशाळेत महागडं यंत्र हाताळायची वेळ येईल, तेव्हा हीच सवय कामाला येईल.