निवृत्त संगणकाची बाजू

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबली आणि माझा धडधाकट लॅपटॉप एका दिवसात निवृत्त ठरला. निवृत्तीचा अनुभव गाठीशी असल्याने मी त्याचीच बाजू घेतली. पेन ड्राइव्हवर ‘उबुंटू’ उतरवले. जुन्या प्रणालीला हात न लावता ते तेथूनच चालवून पाहता येते. वाय-फाय, छपाई आणि देवनागरी टंकलेखन जमते, याची खात्री पटल्यावर सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि मगच ते कायमचे बसवले. नवख्याने हा क्रम चुकवू नये.

अडचण निघाली ती भलतीकडेच. युनिकोडपूर्व हिंदी फॉन्टमध्ये टंकलेली माझी जुनी टिपणे उघडली, तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी! दोष नव्या प्रणालीचा नव्हता. तो फॉन्ट नसता, तर विंडोजवरही हेच दिसले असते. बिहारमधील कैथी लिपीतले जमिनीचे जुने दस्त वाचणारे आज मोजकेच उरले आहेत. तशीच दुर्बोधता आपण आपल्या हयातीत निर्माण केली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला बोचते.

केरळच्या सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आहेत. केंद्रानेही २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण आखले. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली तर त्याआधीपासूनची. तरीही सरकारी टेबलावर बदल सावकाशच उतरतो. त्या सावकाशीत माझाही वाटा होता.

सध्या रोज दोन पाने युनिकोडमध्ये आणतो आहे.