रोटर हेडची जुळणी

अमेरिकी संशोधक आर्थर यंग 1930 च्या दशकात पेनसिल्व्हेनियात हेलिकॉप्टरची छोटी मॉडेलं बनवून उडवत असे. पात्यांना काटकोनात, टोकांना वजनं लावलेली दांडी बसवली की रोटर डळमळत नाही, हे त्याला या मॉडेलांवरच उमगलं. 1941 मध्ये तो बेल कंपनीत गेला आणि 8 मार्च 1946 रोजी ‘बेल 47’ या हेलिकॉप्टरला नागरी परवाना मिळाला. पुढे स्टॅन्ली हिलरने दांडीच्या टोकांना छोटी पाती लावली. 1970 च्या सुमारास जर्मनीच्या डीटर श्लूटर यांनी रिमोटवरचं हेलिकॉप्टर भरवशाने उडवून दाखवलं. नंतरच्या मॉडेलांत बेल आणि हिलर या दोन्ही युक्त्या एकत्र आल्या. आता त्या दांडीचं, म्हणजे फ्लायबारचं, काम जायरो करतो. पात्यांपर्यंत हालचाल नेणाऱ्या लिंक कमी झाल्या, तरी त्यांची मापं तितकीच काटेकोर लागतात.

अशा मॉडेलच्या रोटर हेडची जुळणी खालून वर करायची असते. आधी मोटरच्या तारा सोडवायच्या. मग रेडिओ चालू करून, स्टिक मध्यावर ठेवून तिन्ही सर्वो (हालचाल देणाऱ्या छोट्या मोटरी) मध्यावर आणायचे आणि प्रत्येकाचा हॉर्न, म्हणजे फिरणारा हात, लिंकशी काटकोनात बसवायचा. हॉर्न तिरका बसला, तर वर जाताना आणि खाली येताना हालचाल सारखी होत नाही. त्यानंतर स्वॉशप्लेट, म्हणजे सर्वोंची हालचाल पात्यांकडे नेणारी तबकडी. मुख्य शाफ्टवर लेव्हलर सरकवून ती शाफ्टशी नेमकी काटकोनात आणायची.

पात्यांची पाळी शेवटी. पिच गेज लावून मध्य स्टिकला दोन्ही पात्यांचा कोन शून्य करायचा. कसरती उड्डाणासाठी दोन्ही बाजूंना साधारण 10 ते 12 अंश मिळाले की झालं. दोन मिलिमीटरच्या दांडीवर आट्यांमधलं अंतर 0.4 मिलिमीटर असतं. पात्याच्या पकडीचा हात 20 मिलिमीटरचा असेल, तर बॉल लिंकचा एक फेरा कोन एक अंशाहून थोडा जास्त बदलतो. मग स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन कुठे काही अडकत नाही ना, हे पाहायचं.

उरलेली परीक्षा रोटर फिरताना होते. एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावून, दूर उभं राहून बाजूने पाहायचं. दोन टोकं वर-खाली दिसली, तर रोटर थांबवून एका लिंकची लांबी बदलायची. 1.58 मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला 2000 फेरे घेतो, तेव्हा पात्याचं टोक ताशी सुमारे 600 किलोमीटर वेगाने जातं. त्यामुळे अंतर राखणं ही इथली पहिली अट.

ट्रान्समीटरच्या सब-ट्रिमने, म्हणजे सर्वोचा मध्य सरकवणाऱ्या सेटिंगने, हॉर्नचा तिरकेपणा झाकता येतो, पण तो जात नाही आणि सर्वोच्या हालचालीची एक बाजू तोकडी पडते. म्हणून नव्याने या छंदात येणाऱ्यांनी आधी पाना हातात घ्यावा, लिंकची लांबी पक्की करावी. सब-ट्रिम फक्त शेवटच्या बारीक फरकासाठी ठेवावा.