एका सेकंदाची खुंटी

शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात पाऊस लागला की उघडायचं नाव घेत नाही. आंबा घाटाकडून येणारी ओल कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या शेडपर्यंत पोचते. ट्रॉली, ग्रिल, पत्र्याची शेड ही तिथली रोजची कामं. ओलसर रॉड नीट चालत नाही, हे तिथं नुकत्याच कामाला लागलेल्या पोरालाही कळतं. तीच ओल स्टड वेल्डिंगचीही वैरी.

स्टड म्हणजे लोखंडी खुंटी. ती प्लेटवर उभी करायची तर एरवी भोक पाडा, आटे पाडा, नाहीतर बुडाभोवती रॉड फिरवा. रॉडनं टाका बसतो तो फक्त कडेला. स्टड वेल्डिंगमध्ये खुंटीचं अख्खं बूड प्लेटशी एकजीव होतं. गनमध्ये स्टड बसवायचा, बुडाशी चिनी मातीचं कडं ठेवायचं. त्याला फेरूल म्हणतात. बटण दाबताच गन स्टडला किंचित उचलते, मधल्या फटीत आर्क पेटतो, दोन्हीकडचं लोखंड वितळतं आणि स्प्रिंग स्टडला त्या रसात दाबते. १९ मिलिमीटरच्या स्टडला सुमारे दीड हजार अँपिअर करंट आणि जेमतेम एक सेकंद लागतो. तेवढ्यात स्टड जवळपास ५ मिलिमीटर आखूड होतो. रस आवरून धरणारं कडं मग हातोडीनं फोडून टाकायचं.

ही गन वाढली ती गोदीत. कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंड नौदल गोदीतल्या टेड नेल्सननं १९४०च्या सुमारास ती घडवली. जहाजाच्या पोलादी डेकवर लाकडी फळ्या बसवायचं काम तिच्यामुळं झपाट्यानं होऊ लागलं.

पातळ पत्र्याला हा आर्क सोसत नाही. तिथं कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका झटक्यात सोडतात. काम एक ते तीन मिलिसेकंदांत उरकतं, फेरूल लागत नाही आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला डागही फारसा दिसत नाही. इलेक्ट्रिक पॅनेलच्या दारामागची अर्थिंगची खुंटी बहुधा अशीच बसवलेली असते.

पण स्टडची खरी कसोटी पुलावर. लोखंडी गर्डरवर काँक्रीटचा स्लॅब नुसता टेकवला, तर ट्रकच्या वजनाखाली दोघं आपापले वाकतात, एकमेकांवरून घसरतात. गर्डरवर उभे केलेले डोकेवाले स्टड ही घसरण रोखतात आणि डोक्यामुळं स्लॅब वरही उचलला जात नाही. मग दोघं मिळून एकच तुळई म्हणून भार घेतात. एकदा काँक्रीट पडलं की यातला एकही स्टड पुन्हा डोळ्यांना दिसत नाही. या कामाची सगळी जोखीम मला इथंच दिसते.

म्हणून शिफ्टच्या सुरुवातीचे दोन स्टड हातोडीनं ३० अंशांपर्यंत वाकवून बघायचे, असा अमेरिकी वेल्डिंग संहितेचा दंडक आहे. टाका तडकला तर सेटिंग चुकलं. पुढं प्रत्येक स्टडच्या बुडाशी वितळलेल्या धातूची कड पूर्ण गोल दिसली पाहिजे. गंज, रंग, तेल घासून काढलेलं हवं, अर्थचे क्लॅम्प घट्ट हवेत. पावसानं किंवा दवानं भिजलेलं फेरूल भट्टीत १२० अंश सेल्सिअसला दोन तास सुकवायचं. नाहीतर ओलीची वाफ टाक्यात शिरते आणि तो सच्छिद्र होतो.

शाहूवाडीसारख्या पावसाळी तालुक्यात पुलाचं काम घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : फेरूलची खोकी कोरड्या खोलीत ठेवा आणि काँक्रीट ओतण्याआधी हातोडी घेऊन गर्डरवर एक फेरी मारा.