जागा आणि ठाव

उन्हाळ्यात भाटघर धरणाचे पाणी ओसरले की भोर तालुक्यातील कांबरे गावचे कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. पाऊस लागला की देव पुन्हा जलाशयाच्या पोटात जातो. नकाशावर मात्र तिथे बारा महिने निळाच रंग असतो.

भूगोलतज्ज्ञ यी-फू तुआन यांनी 1977 च्या ग्रंथात नकाशावरचा अवकाश आणि माणसांचे ठिकाण यांतला नेमका हा फरक मांडला. मोकळ्या अवकाशात माणूस थांबला, राबला, त्याच्या आठवणी तिथे रुजल्या की त्या अवकाशाचे ‘ठिकाण’ होते. त्याआधी, 1974 मध्ये, फ्रेंच विचारवंत आंरी लफेव्र यांनी दाखवून दिले, की अवकाश हे आयते मिळालेले रिकामे भांडे नसते. समाज ते घडवत असतो. लोकांची वहिवाट, नियोजनकाराचा आराखडा आणि मनातले अर्थ अशी त्याची तीन अंगे असतात.

भाटघर धरण ज्या वेळवंडी नदीवर आहे, तिच्या काठी ही तिन्ही अंगे दिसतात. मावळात मुलूख ओळखला जाई तो खोऱ्याने: वेळवंड खोरे, कानद खोरे. सोयरिकी, जत्रा, भाताची खाचरे त्याच खोऱ्यात. ब्रिटिश अभियंत्यांना त्याच खोऱ्यात पाण्याचा साठा दिसला. पहिल्या तलावाला अभियंता व्हायटिंगचे नाव मिळाले, पुढच्या मोठ्या धरणाला गव्हर्नर लॉइड यांचे. आज तो येसाजी कंक जलाशय आहे. शेजारचा वेल्हे तालुकाही आता राजगड झाला आहे. नाव बदलते तेव्हा त्या भूमीची कोणती आठवण पुढे न्यायची, हेही ठरत असते.

भूगोलतज्ज्ञ डोरीन मॅसी यांनी 1991 मध्ये आणखी एक धागा जोडला: ठिकाणाला तटबंदी नसते, दूरदूरच्या नात्यांची ती गाठ असते. भाटघरचे पाणी नीरा नदीने वीरला आणि तिथून कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या शिवारांत जाते. तिथल्या हिरव्या उसात कांबऱ्याची बुडालेली जमीनही आहे.

धरणासाठी जागा मोजली जाते, मोबदला ठरतो. पण बुडालेल्या खाचरांची नावे, जुनी शीव, देवळाकडे जाणारी पाणंद कुठल्याच मोजणीत येत नाहीत. ती ठाऊक असलेली माणसे आहेत, तोवर गावोगाव नोंदवून घ्यायला हवीत. मराठीत पाण्याचा ठाव लागतो, तसा माणसाच्या मनाचाही. खोऱ्याचा ठाव घ्यायचा, तर दोन्हीकडे उतरावे लागेल.